आरोग्य खात्याला दार उघडा

मृगाच्या सरी सुरू झाल्या की दवाखान्यातली गर्दी बदलते. सणकून ताप, डोळ्यांच्या मागे ठणका आणि अंग मोडून आल्याची तक्रार घेऊन माणसे येऊ लागतात. गल्लीत दोघा-तिघांना डेंग्यू निघाला, की मागणी एकच असते. "डॉक्टर, तुमची ओळख हाय. तेवढी धुराची गाडी आमच्या गल्लीत पाठवायला सांगा की!" संध्याकाळी गाडी येते, गल्ली पांढऱ्या धुराने भरून जाते, पोरे धुरामागे पळतात आणि मोठ्या माणसांना वाटते, चला, आरोग्य खाते जागे झाले.

वास्तविक त्याच गल्लीत आठवड्यापूर्वी एक आरोग्य सेविका हातात बॅटरी आणि वही घेऊन दारोदार फिरून गेलेली असते. काही घरांनी तिला आत घेतले, काहींनी उंबऱ्यावरूनच परत पाठवले. "आमच्या घरात कुठलं डास? आधी पुढची गटार बघा," हे वाक्य तिने दिवसभरात किती वेळा ऐकले असेल, ते तिलाच ठाऊक. धुराची गाडी सर्वांना दिसते, वहीतली नोंद कोणालाच दिसत नाही. पण डेंग्यू आटोक्यात येतो तो प्रामुख्याने त्या वहीमुळे. आरोग्य खाते नेमके काय करते आणि त्या कामात आपला वाटा कोणता, हे आज समजून घेऊ.

खात्याचा रुग्ण म्हणजे अख्खे शहर

माझ्यासारखा डॉक्टर एका वेळी एक रुग्ण तपासतो. त्याची नाडी पाहतो, रक्तदाब मोजतो, औषध देतो. आरोग्य खात्याचा रुग्ण म्हणजे संपूर्ण शहर. शहराची नाडी कशी पाहायची? त्यासाठी खात्याकडे मोजदादीखेरीज दुसरे साधन नाही. कोणत्या गल्लीत किती ताप, किती घरांत डासांच्या अळ्या, कोणत्या नळाच्या पाण्यात औषध आहे आणि कोणत्या नाही, कोण कशाने दगावले. या नोंदी खऱ्या असतील, तर खात्याला साथ सुरू होतानाच दिसते. नोंदी खोट्या किंवा अपुऱ्या असतील, तर रुग्णालयाच्या खाटा भरल्यावरच साथीचा पत्ता लागतो.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली आणि १९७२ साली तिची महापालिका झाली. योगायोग असा, की त्याच १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची मोठी साथ आली होती. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यूंच्या नोंदी घेतल्या, घरोघर जाऊन चौकशी केली आणि मेलेली माणसे कोणत्या पंपाचे पाणी पीत होती ते शोधून काढले. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती मृत्यूंची दाटी होती. त्याच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती, परंतु कॉलरा पाण्यातून पसरतो हे त्याने आकड्यांनी दाखवून दिले. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखने ओळखला तो त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. स्नोपाशी औषध नव्हते, लस नव्हती. त्याच्यापाशी होते ते मृतांचे पत्ते. आजही साथीच्या कामाची सुरुवात पत्त्यापासूनच होते.

बॅरलमधल्या अळ्या

डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती. त्याच्या पायांवर आणि अंगावर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत. गटारीच्या घाण पाण्यात वाढणारा आणि रात्री कानाशी गुणगुणणारा डास निराळा, त्याचे नाव क्युलेक्स. गटारी साफ व्हायलाच हव्यात, त्याबद्दल वाद नाही. परंतु डेंग्यूचा डास वाढतो आपल्या घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. न्हाणीघरातले बॅरल, अंगणातला हौद, गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुलर, कुंडीखालची ताटली, फुलदाणी, पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे, नारळाची करवंटी आणि परड्यात टाकलेला जुना टायर ही त्याची घरे. उद्यमनगरसारख्या कारखान्यांच्या भागात तर मोकळे डबे, टायर आणि पत्र्यांच्या खोलगट तुकड्यांत पावसाचे पाणी साठून राहते.

मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि तीही एकाच ठिकाणी न घालता दोन-चार भांड्यांत विभागून. अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवलेली असतात. पाणी आटले तरी ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून बॅरल नुसते उपडे करून भागत नाही. त्याची आतली कड काथ्याने किंवा घासणीने खसाखसा घासायला हवी. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असे खाते सांगते, त्यामागचे गणित हेच आहे. सातव्या दिवशी भांडे घासले, की आठव्या दिवशीचा डास जन्माला येत नाही.

आता त्या सेविकेच्या वहीकडे वळू. समजा, तिच्याकडे एका दिवसात शंभर घरे आहेत. सत्तर घरांनी तिला आत घेतले आणि त्यांपैकी सात घरांत अळ्या सापडल्या. म्हणजे तपासलेल्या घरांपैकी शेकडा १० घरे दूषित. या आकड्याला घरांचा निर्देशांक म्हणतात. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हे सांगणारा दुसरा एक निर्देशांक असतो, त्याला ब्रेटो निर्देशांक हे नाव आहे. हे आकडे चढू लागले, की त्या भागात डेंग्यूचा धोका वाढला असे समजून खात्याने रुग्ण निघण्याची वाट न पाहता माणसे तिकडे वळवायची असतात. पण राहिलेल्या तीस घरांचे काय? दहांना कुलूप होते आणि वीस घरांनी नकार दिला. त्या तीस घरांत किती बॅरल भरलेली आहेत, हे कोणालाच माहीत नाही. आणि हा डास फार लांब उडत नाही. सामान्यतः तो शे-दोनशे मीटरच्या परिसरातच राहतो. म्हणजे एका घराने दार लावून घेतले, तर त्याची किंमत शेजारच्या पाच घरांना मोजावी लागते.

सेविका वापराच्या पाण्यात अळीनाशक टाकू लागली, की पुष्कळांची कुरकुर असते. टेमेफॉस, म्हणजे बोलीभाषेतले अबेट, ठरलेल्या प्रमाणात टाकले तर धोका नाही. परंतु बॅरल दर आठवड्याला रिकामे करून घासत असाल, तर त्याची गरजही पडत नाही. जे रिकामे करता येत नाहीत असे मोठे हौद, कारंजी आणि वापरात नसलेल्या विहिरी यांत गप्पी मासे सोडावेत. पूर्ण वाढलेला एक गप्पी मासा दिवसाला ८० ते १०० अळ्या फस्त करतो. अळ्या सापडलेले पाणी गटारीत न ओतता कोरड्या मातीवर ओतावे, म्हणजे त्या सुकून मरतात.

धूर कशासाठी?

धुराने फक्त उडते डास मरतात. अंडी आणि अळ्या तशाच राहतात, आणि चार दिवसांत नवी फौज तयार होते. शिवाय एडिस डास गल्लीत कमी आणि घरात जास्त असतो. पलंगाखाली, कपाटामागे, खुंटीवर टांगलेल्या कपड्यांच्या आड तो दबा धरून बसतो. गाडी आली की आपण काय करतो? धूर आत नको म्हणून खिडक्या-दारे घट्ट लावून घेतो. मग तो डास मजेत राहतो आणि गल्लीतल्या दम्याच्या रुग्णाला मात्र खोकल्याची उबळ येते.

धूर निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. एखाद्या घरात डेंग्यूचा रुग्ण निघाला, तर त्याच्या रक्तातला विषाणू घेऊन फिरणारे डास तातडीने मारण्यासाठी त्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत फवारणी करणे योग्यच होय. पण ते आग लागल्यावर पाणी मारण्यासारखे आहे. वर्षभर धुराची मागणी करायची आणि बॅरल मात्र झाकायचे नाही, हे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. लोकप्रतिनिधींवरही आपणच धुरासाठी दबाव आणतो. मग खात्याची माणसे आणि पैसा धुराकडे वळतो आणि घरोघरच्या तपासणीसाठी माणूस कमी पडतो.

नळाच्या पाण्यातले पिवळेपण

दुसरी मोजदाद पाण्याची. सकाळी नळाला पाणी आले, की पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा कर्मचारी एका छोट्या नळीत ते घेतो आणि त्यात द्रावणाचे काही थेंब टाकतो. पाणी पिवळसर झाले, तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. जितके पिवळे, तितके क्लोरीन जास्त. हीच ती ओ.टी. टेस्ट. पिणाऱ्याच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावे, असा दंडक आहे. 'पाण्याला औषधाचा वास येतो' ही तक्रार नेहमी ऐकू येते. थोडा वास येत असेल तर उलट निश्चिंत व्हावे. टाकीजवळ क्लोरीन सापडते आणि गल्लीच्या टोकाच्या नळाला सापडत नाही, तर मधे कुठेतरी घाण पाणी मिसळून त्याने क्लोरीन खाऊन टाकले असण्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी ती नळी गळती शोधून देते.

गळतीचा धोका आपल्याकडे अधिक आहे, कारण पाणी चोवीस तास नसते. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होते आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटारीचे पाणी आत ओढले जाते. त्यात कोणी नळाला मोटर लावून पाणी खेचू लागला, की ही ओढ आणखी वाढते. स्वतःची टाकी लवकर भरण्यासाठी लावलेली मोटर सगळ्या गल्लीला गटारीचे पाणी पाजू शकते. काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट वाहिनीने २०२३ च्या दिवाळीत कोल्हापुरात पोचले, ही मोठी गोष्ट झाली. परंतु धरणातून आलेले पाणी कितीही स्वच्छ असले, तरी शेवटच्या पन्नास फुटांत, म्हणजे आपल्या गल्लीतल्या जोडात, ते बिघडू शकते.

दूषित पाण्याने काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि तिने बळी घेतले. पाण्यातून पसरणारी ही कावीळ हिपॅटायटिस ई या विषाणूची. देशातली तिची सर्वांत गाजलेली साथ दिल्लीत १९५५-५६ साली आली. नोव्हेंबरात यमुनेत सांडपाणी उलटे वाहत जाऊन वजिराबादच्या पाणी उपसा केंद्राजवळ पोचले. डिसेंबर आणि जानेवारीत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. पाण्यातले क्लोरीन वाढवलेले असल्याने विषमज्वरासारखे रोग वाढले नाहीत, पण काविळीचा विषाणू मात्र त्याला पुरून उरला. म्हणून काविळीची साथ असेल तेव्हा पाणी उकळूनच प्यावे, नुसत्या औषधावर विसंबू नये.

ही कावीळ पाणी प्यायल्यावर लगेच होत नाही. दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत, बहुधा महिना-सव्वा महिन्याने डोळे पिवळे होतात. म्हणजे आज दवाखान्यात आलेला रुग्ण गेल्या महिन्यातल्या पाण्याची बातमी घेऊन येतो. गळती काढल्यावरही काही आठवडे रुग्ण येतच राहतात, म्हणून लोक खात्याला दोष देतात. खरे तर पहिल्या चार-पाच रुग्णांची वर्दी वेळेवर मिळाली, तर पुढचे कित्येक वाचतात. येथे आपली एक सवय आड येते. कावीळ झाली, की पुष्कळ जण गळ्यात माळ घालायला नाहीतर नाकात औषध सोडून घ्यायला जातात. त्याने रोग बरा होत नाही, तो बहुतेकांत आपोआप उतरतो. नुकसान असे होते, की तो रुग्ण कोणत्याच वहीत येत नाही आणि त्याच्या गल्लीतली गळती तशीच राहते. गर्भवती स्त्रीला ही कावीळ झाली, तर मात्र क्षणाचाही विलंब लावू नये. शेवटच्या तीन महिन्यांत या रोगाने चारपाच जणींमागे एकीचा जीव जाऊ शकतो.

खेड्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. आपल्या गावच्या पाण्याचे सर्वेक्षण पावसाळ्याआधी आणि नंतर होते आणि धोक्याप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणते, हे ग्रामसभेत विचारा. टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कोठे ठेवली आहे तेही पाहा. ताज्या पावडरीत शेकडा ३३ च्या आसपास क्लोरीन असते. ओलाव्यात, उघड्या पोत्यात पडून राहिली की ते उडून जाते आणि जलसुरक्षक इमानेइतबारे टाकत असलेली पावडर चुन्याच्या मोलाची होते.

महापुरानंतरचे दिवस

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे आता शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. दोन्ही वेळा उपसा केंद्रे पाण्यात गेल्याने चहूकडे पाणी आणि नळ मात्र कोरडे, अशी शहराची अवस्था झाली. महापुराच्या बातम्या पाणी ओसरले की संपतात, आरोग्य खात्याचे खरे काम तेव्हा सुरू होते. गाळ, मेलेली जनावरे, घुशी-उंदरांच्या मुताने दूषित झालेला चिखल, टँकरचे पाणी आणि निवाऱ्याच्या ठिकाणची दाटी. जुलाब, कावीळ, लेप्टोस्पायरोसिस आणि पंधरवड्यानंतर डेंग्यू, असा रोगांचा क्रम लागू शकतो.

चिखलात अनवाणी काम करणाऱ्याच्या पायाला जखम असेल, तर लेप्टोचे जंतू तेथून आत शिरतात. त्याला प्रतिबंध म्हणून डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या दिल्या जातात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि उपाशीपोटी न घेता घ्याव्यात. गर्भवती आणि लहान मुलांना त्या देत नाहीत, म्हणून शेजाऱ्याच्या पुडीतली गोळी परस्पर घेऊ नये. गाळ काढताना पायांत गमबूट असावेत. पुराचे पाणी शिरलेली विहीर किंवा जमिनीतली टाकी उपसून, धुऊन, क्लोरीन टाकल्याशिवाय वापरू नये. आणि निवाऱ्यात किंवा घरी कोणाला ताप, जुलाब झाले तर ते लपवू नये. 'इथून हलवतील' या भीतीने गप्प बसलेला एक रुग्ण साऱ्या शाळेत रोग पसरवू शकतो.

आम्ही डॉक्टरांनी काय करावे?

ताप आलेला माणूस बहुधा आधी खासगी दवाखान्यातच येतो. म्हणून साथीची पहिली वर्दी देण्याची जबाबदारी आम्हा खासगी डॉक्टरांवरही येते. देशात २००४ पासून रोग सर्वेक्षणाचा एकात्मिक कार्यक्रम सुरू आहे. आरोग्य कर्मचाऱ्याने लक्षणांवरून, डॉक्टरने निदानावरून आणि प्रयोगशाळेने तपासणीवरून, अशी तीन अंगांनी माहिती कळवायची असते. क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण कळवणे तर २०१२ पासून बंधनकारक झाले आहे. रुग्णाने याला भिऊ नये. नाव कळवले म्हणजे बोभाटा होत नाही. उलट औषधे मोफत मिळतात आणि घरातल्या लहान मुलांची तपासणी वेळेवर होते.

'खासगीत डेंग्यूचे शेकडो रुग्ण आणि सरकारी यादीत मूठभर, म्हणजे आकडे लपवतात' असा आरोप नेहमी होतो. आकडा लपवला जाऊ नये, हे खरेच. पण फरकाचे एक साधे कारणही आहे. दवाखान्यात पट्टीवर पंधरा-वीस मिनिटांत होणारी चाचणी निदानाला उपयोगी असली, तरी सरकारी नोंदीत डेंग्यू पक्का धरला जातो तो एलायझा पद्धतीच्या तपासणीनंतर. म्हणून पट्टीवर डेंग्यू निघालेल्या रुग्णाच्या रक्ताचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत गेला पाहिजे. तेथे त्याला पैसे पडत नाहीत. फवारणी आणि घरतपासणीसाठी मात्र खात्याने पक्क्या निकालाची वाट पाहत बसू नये, तोवर डास थांबत नाहीत.

आणि पत्ता खरा द्यावा. कामासाठी राजारामपुरीत खोली घेऊन राहणारा मुलगा केसपेपरवर आधारकार्डावरचा गडहिंग्लजचा पत्ता सांगतो. मग पथक गडहिंग्लजकडे जाते आणि डास राजारामपुरीत राहतो. गेल्या पंधरा दिवसांत आपण प्रत्यक्ष जेथे राहिलो आणि दिवसा जेथे काम केले, ती दोन्ही ठिकाणे सांगावीत.

शेवटची नोंद मृत्यूची. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. आपल्याला दाखला हवा असतो वारसासाठी, विम्यासाठी, बँकेसाठी. खात्याला त्यातून माणसे कशाने मरतात ते कळते. पण कारणाच्या रकान्यात 'हृदयक्रिया बंद पडल्याने' एवढेच लिहिले, तर त्यातून काय कळणार? हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. ती कशामुळे बंद पडली, मधुमेहाने, क्षयाने की काविळीने, ही ओळ डॉक्टरने लिहिली पाहिजे आणि घरच्यांनीही आग्रहाने लिहून घेतली पाहिजे. मेलेल्या माणसाची ती ओळ जिवंत माणसांच्या उपयोगी पडते.

कुलूपबंद घरांचा धडा

घरोघरच्या मोजदादीने काय साधते, हे आपण पोलिओच्या बाबतीत पाहिले आहे. १९९५ पासून पल्स पोलिओच्या फेऱ्या सुरू झाल्या. लसीच्या केंद्रावर न आलेल्या मुलांसाठी स्वयंसेविका दारोदार जात. डोस झालेल्या मुलाच्या बोटाला शाई आणि घराच्या भिंतीवर खडूची खूण. घर बंद असेल किंवा मूल राहिले असेल, तर निराळी खूण, आणि त्या घराकडे पुन्हा फेरी. यश त्या पुन्हा मारलेल्या फेरीत होते. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. लस होतीच. ती शेवटच्या मुलापर्यंत पोचली, कारण कोणते घर राहिले हे लिहून ठेवले होते.

खात्यानेही यातून शिकावे. बंद घराकडे संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जावे. कर्मचाऱ्याजवळ ओळखपत्र असावे, म्हणजे एकट्या बाईमाणसाला दार उघडताना शंका राहणार नाही. तपासणीत काय सापडले ते घरच्यांना तेथल्या तेथे, बॅटरीच्या उजेडात, वळवळणाऱ्या अळ्यांसह दाखवावे. माझा अनुभव असा, की स्वतःच्या बॅरलमधली अळी एकदा पाहिलेली गृहिणी पुन्हा कधी बॅरल उघडे ठेवत नाही. कोणत्या भागात अळ्या किती आणि कोणत्या नळाला क्लोरीन नाही, हे दर आठवड्याला लोकांना सांगावे. आकडे दडवले की अफवा वाढतात. आणि पावसाळ्यात कामाचा डोंगर उभा राहतो, तेव्हा जागा रिकाम्या ठेवून कामाची अपेक्षा धरणे हेही बरे नव्हे.

वाचकांनी एवढे करावे

आठवड्यातला एक वार ठरवून घरातली पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, कडा घासून, उन्हात वाळवावीत. रिकामी न होणारी टाकी घट्ट झाकावी, झाकण नसेल तर कापड बांधावे. गावाला जाताना बॅरल उपडे करून जावे आणि शक्य तर किल्ली शेजारी द्यावी.

नळाचे पहिले दोन-चार तांबे पाणी पिण्यासाठी भरू नये. पाणी गढूळ किंवा घाण वासाचे आले, तर त्याच दिवशी पालिकेला कळवावे. नळाला मोटर लावू नये.

ताप आला, तर मनाने ॲस्पिरिन, ब्रुफेन अशी औषधे घेऊ नयेत. डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि विश्रांती पुरेशी असते. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला, असे मानू नये. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असतानाच पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे किंवा ग्लानी दिसली, तर तडक रुग्णालय गाठावे. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याकडे पाहून घाबरू नये आणि नुसत्या त्या आकड्यावर निर्धास्तही राहू नये.

आणि उद्या सकाळी ओळखपत्र लावलेली आरोग्य सेविका दारात उभी राहिली, तर तिला आत बोलवावे, न्हाणीघर दाखवावे, गच्चीची किल्ली द्यावी. घरात कोणाला ताप असेल तर तो सांगावा. तिला पाच मिनिटे लागतात. उन्हातान्हात जिने चढून ती आलेली असते, तेव्हा तांब्याभर पाणीही द्यावे.